मोटारीची घरघर आन् मालकांची झील

आज दुपारी जे घडलं, त्ये तुमाला सांगते गं बायांनो. बाप्यांनो, तुमीबी ऐका.

आमचे मालक गेले, त्येंचा आवाज एकाच रेकॉर्डिंगमधी उरलाय. मी ओवी म्हणतीय आन् मागनं त्ये झील धरत्यात, म्हंजी माझ्या ओळीचं शेपूट उचलून म्हणत्यात. विहिरीपाशी फोनवर घेतल्यालं, त्यात पाण्याच्या मोटारीची घरघर.

आमची सून घरीच गाणी रेकॉर्ड करती. म्हणली, "आत्या, इक्वलायझरनं जाड-बारीक आवाज येगळा येगळा कमी-जास्त करता येतो, त्यानं घरघर काढू."

आधी ग्राफिक इक्वलायझर लावला. त्यात आवाजाच्या ठरल्याल्या पट्ट्या असत्यात. जाड आवाजाची पट्टी खाली वढली, तर घरघर गेली आन् मालकबी गेले. मी ओळ म्हणून थांबतीय, मागं कुणीच न्हाई.

"आगं, दुसऱ्यांदा विधवा करती का मला?" मी म्हणलं.

मग तिनं पॅरामेट्रिक लावला. त्यात नेमकी घरघर धरून बारीक कापता येतं. मालक परत आले. आन् ओवी संपल्यावर, मोटारीच्या आवाजाखाली आजवर दबल्यालं, हळूच बोलले, "दमली गं. बस जरा."

आमी दोघींनी मागं वळून बघितलं.

तोंडावर कवा एवढ्या मायेनं बोलले न्हाईत, लबाड!

अजून थोडी घरघर हाय. सून म्हणती, "आणखी कापलं तर मामांचा आवाज पातळ हुईल."

मी म्हणलं, ऱ्हाऊ दे.

तुमच्याकडं हाय का असा कुणाचा आवाज? तुमी साफ केला, का तसाच ठिवला?