रेघ नसलेले तीन बोये

मर्टन क्रोवेलला आपली बोट चित्रात हवी होती. ऑर्फाच्या स्वयंपाकघरात, तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या खुर्चीत ऐसपैस बसून त्यानं तसं सांगितलं.

"धक्क्यावरच्या खोलीत लावायचंय. आपली खाडी, समोरचा खडक, सगळं काढ. आणि माझी बोट विसरू नकोस हं!"

"तुझी बोट मी कशी विसरेन, मर्टन?" ऑर्फा म्हणाली आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या त्या किनाऱ्यावर घरं मोजकी, आणि सगळी शेवंडांवर, म्हणजे मोठ्या नांग्यांच्या समुद्री झिंग्यांवर, जगणारी. सापळा पाण्याच्या तळाशी, वर दोराला बांधलेला, खुणेचा तरंगता बोया. ज्याच्या त्याच्या बोयाचे रंग ठरलेले. एल्डनचे, म्हणजे ऑर्फाच्या नवऱ्याचे, बोये पिवळे, वर निळा पट्टा.

बारा वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका पहाटे पाव मळता मळता ऑर्फानं खिडकीतून पाहिलं होतं. एल्डन सापळे टाकायचा त्या समोरच्या खडकापाशी मर्टनची हिरवी बोट उभी होती. मर्टन वाकला, हातातलं पातं चमकलं, आणि तीन पिवळे बोये सुटून वाहत निघाले. तिनं एल्डनला सांगितलं. तो बूट चढवत म्हणाला,

"बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार, असं म्हणतील. आणि मला रोज त्याच धक्क्यावर उतरायचंय गं."

बोया सुटला की तळाचा सापळा हाती लागत नाही; असे सापळे जात राहिले. शेवटी एल्डननं तो खडक सोडला, आणि पुढं जगही. त्याला मातीआड करून आल्यावर चहाच्या वेळी मर्टन सँडविच चावत म्हणाला, "एल्डन माणूस सोन्यासारखा. पण गाठ? सापळे गेले ते त्यापायीच. त्याच्या बुटाची नाडीसुद्धा दुसऱ्यानं बांधायला हवी होती!" लोक मायेनंच हसले. ऑर्फा हातात तबक धरून उभी होती. तिनं ते पुढच्या माणसासमोर धरलं. त्या खडकावर आता मर्टनचे लाल बोये डुलत होते.

आज तोच माणूस चित्र मागून गेला होता.

तिनं पोस्टकार्डासारखा जाड कागद पाव कापायच्या फळीवर चिकटवला. शाळकरी पोरांची रंगाची डबी, एक ब्रश, पाण्याच्या दोन बरण्या आणि मेणबत्तीचं थोटूक, एवढाच तिचा संसार. पाण्याच्या रंगात पांढरं मागाहून भरता येत नाही, ते आधीच राखावं लागतं. जिथं मेण घासलं तिथं रंग धरत नाही. ओहोटीची ओढ लागली की दोराला बांधलेला बोया कलतो आणि त्याच्यामागं पाणी फाटून पांढरी रेघ उठते. ऑर्फानं प्रत्येक बोयामागं मेणाची बारीक रेघ ओढली. तीन सोडून.

मग बोट आणि बोये यांच्या जागा कोऱ्या ठेवून, निळ्यात चिमूटभर काळा कालवून तिनं समुद्र एका दमात वाहू दिला. ओल्या रंगावर मीठ भुरभुरलं, खडकापाशी फेस उमलला. वाळल्यावर हिरवी बोट काढली, बोटीत वाकलेला एक माणूस, आणि शेजारी तीन पिवळे ठिपके, वर निळा पट्टा.

चित्र हातात येताच मर्टननं ते लांब धरलं. चष्मा लावायची त्याला लाज वाटे. "वा! माझीच बोट!" एवढंच त्याला दिसलं.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी खोलीत सगळे जेवायला जमले होते. मर्टननं स्वतःच्या हातानं खिळा ठोकला. ऐंशी वर्षांचे एफ्रमकाका घेवड्याची बशी घेऊनच चित्रापाशी गेले.

"ओहोटी आहे. बोये कललेत, मागं रेघ आहे. झकास, पोरी!" मग त्यांचा चमचा थांबला. "या तिघांमागं रेघ नाही. यांना दोरच नाही. आणि हे तर एल्डनचे."

"विसरली असेल," मर्टन हसला. "बाईमाणसाला काय कळतंय दोरातलं?"

"विसरले नाही," ऑर्फा म्हणाली. "पाव मळत होते. दिसलं तसं काढलं."

"अगं, बारा वर्षांपूर्वीचं कशाला आता..."

तो थांबला. वर्षं कोणी विचारलीच नव्हती. एफ्रमकाकांनी बशी खाली ठेवली आणि मर्टनच्या शेजारची आपली खुर्ची उचलून दुसऱ्या मेजाशी नेली. एकेक खुर्ची मागं सरकली.

हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर येतं, हातोहात सापळे बोटींवर चढतात, आणि उजाडताच बोटी एकदम सुटतात. त्या दिवशीही सुटल्या. एक हिरवी बोट तेवढी मागं राहिली. शेकडो सापळे, आणि मर्टन एकटा. बर्फाळ वाऱ्यात त्याला घाम फुटला होता.

ऑर्फा कोटाच्या खिशात हात घालून उभी होती.

"ऑर्फा, दोराचं एक टोक तरी बांध गं," तो शेवटी म्हणाला.

"आमच्या घरात कोणाला गाठ येत नाही, मर्टन."

ती गेली नाही. तिथंच उभी राहून त्याचा एकेक सापळा पाहत राहिली, ऊन डोक्यावर येईपर्यंत.