परसातला लंगर

आमचं लग्न झालं तेव्हा माझ्या यजमानांनी एक गोष्ट आपण होऊन ठरवून टाकली होती. माझं माहेर वाईचं, शाकाहारी. त्यांचं घर वाळवा तालुक्यातलं, उसाचं आणि फौजेचं. तिथं पाहुणा आला की मटण शिजायचंच. मला काय चालेल, काय चालणार नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि स्वतःचं काही समजावूनही सांगितलं नाही. साताऱ्यातलं घर बांधून झालं, त्याच आठवड्यात त्यांनी परसात तीन दगड मांडले आणि म्हणाले, "तुझ्या स्वयंपाकघरात हे येणार नाही." पुढची सगळी वर्षं ते आलं नाही. पातेलं वेगळं, पळी वेगळी, कांदा चिरायची सुरीसुद्धा वेगळी. फौजेत स्वयंपाकाच्या जागेला लंगर म्हणतात, म्हणून परसातल्या त्या कोपऱ्यालाही ते लंगरच म्हणत.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांचं गणगोत आमच्याकडे यायचं. धाकटे दीर आणि जाऊबाई गावाहून, नणंद कराडहून, सगळ्यांची मुलंबाळं. यजमान पाटावर बसून रस्सा ढवळायचे आणि बाकीचे पुरुष त्यांच्याभोवती उकिडवे बसून गप्पा हाणायचे. बायका आतल्या ओट्यावर भाकऱ्या करायच्या आणि खिडकीतून बाहेर द्यायच्या. बाहेर हशा पिकला की आतून कुणीतरी विचारायचं, काय झालं. सांगायला कुणी थांबायचं नाही. मी मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे. नोकरी ग्रंथालयात गेली, त्यामुळे हातात पुस्तक नसलं तर मला बसता येत नाही; पण त्या रविवारी पान फारसं उलटत नसे. जेवायला मी त्यांच्याच पंगतीत असे. माझ्या ताटात पिठलं, त्यांच्या ताटात तांबडा रस्सा, भाकरी एकाच दुरडीतली.

गेल्या वर्षी माघात ते गेले. त्यानंतर वर्षभर आमच्याकडे सण झाला नाही. माणसं येत, खुर्चीवर बसत, चहा घेत, हळू आवाजात बोलत आणि निघत. परसातल्या दगडांमध्ये गवत उगवलं. ते मी काढत होते, ते पुन्हा येत होतं.

वर्षश्राद्धाच्या दुपारी दीर परसात जाऊन उभे राहिले. इथं पत्रे टाकू, गाडी उभी राहील, असं म्हणाले. रविवारचं आता गावीच करू, तुम्हाला न्यायला गाडी पाठवतो, असंही म्हणाले. "तुमी निस्तं यायचं आन् बसायचं, वयनी. कशाला तुमाला तरास."

त्यांच्या मनात माझ्याविषयी मायाच होती. पण ते बोलताच मला पुढचं सगळं दिसलं. गावी मला मोठ्या भावाची बायको म्हणून खुर्ची मिळाली असती, पहिलं ताट मिळालं असतं. जी माणसं माझ्या दारात येत होती, त्यांच्याकडे मला नेऊन बसवलं गेलं असतं. आणि या घरामागे तो आवाज पुन्हा कधी झाला नसता. बैठकीतल्या फोटोकडे मी फारशी बघत नाही. फोटोत ते गप्प आहेत. ते गप्प नसत. त्यांचं जे काही माझ्याकडे उरलं होतं ते त्या गोंगाटात होतं, आणि तो गाडीत बसून वाळव्याला चालला होता.

मी म्हटलं, "पत्रे टाकायचेच आहेत. पण गाडीसाठी नाही. तिथं मी स्वयंपाकघर बांधणार आहे."

"बाहेरचं?"

"हो. मटणाचं."

दिरांनी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या, पण मला वाटतं हसत होत्या.

"बांधा की," दीर म्हणाले. "पर शिजवणार कोण?"

आखाडातल्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी इकडेच यायचं, एवढं मी सांगून टाकलं. आखाड म्हणजे त्या घरात मटणाचा महिना. पुढे श्रावण लागला की गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र, आणि चूल पेटायची ती थेट दसऱ्यानंतर. आखाड हुकला असता तर तोवर रविवार गावी रुळला असता, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं. ते बरं म्हणाले.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे आधी वाचलं. पोलाद कोणतं गंजतं, वारा लागला की ज्योत का विझते, धुराडं किती उंच हवं. ओळखीच्या गवंड्याला बोलावून जागा दाखवली आणि सांगलीला एका मोठ्या दुकानात गेले. तिथं बंगल्यांच्या अंगणात बसवायची तयार स्वयंपाकघरं मांडली होती. विक्रेता तरुण, अतिशय नम्र. त्यानं मला चाकांवरची एक लखलखीत शेगडी दाखवली, तिला पेटीसारखं झाकण आणि झाकणावर तापमानाचं घड्याळ होतं.

"यात भाकरी होते का?" मी विचारलं.

"मॅडम, पिझ्झा होतो."

"आणि तीस माणसांचा रस्सा?"

त्यानं थोडा विचार केला. "रस्सा आत करून इथं आणता येईल," म्हणाला.

मी त्याला सांगितलं की आत करून आणता येत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. मग तो मोकळा झाला. पिझ्झाची भट्टी, झाकणाची शेगडी, रंग बदलणारे दिवे हे सगळं त्यानं स्वतःच बाजूला सारलं आणि आम्ही कामाच्या वस्तूंकडे वळलो. बाहेर ठेवायचा छोटा फ्रीज दाखवताना मात्र तो जरा संकोचला; ही चैनीची वस्तू आहे, घरातला फ्रीज जवळच असेल तर नको, असं प्रामाणिकपणे म्हणाला. मला तर सगळ्यात आधी तोच हवा होता. आमच्या घरातल्या फ्रीजमध्ये मटण कधी गेलेलं नव्हतं. यजमान सकाळी आणत ते तसंच चुलीवर चढवत, आणि रात्री उरलेला रस्सा डब्यांतून वाटून टाकत. त्यांनी पाळलेला नियम मला मोडायचा नव्हता, पण तो पाळणं सोपं करायला काय हरकत होती.

कडेला पत्र्याचा आडोसा असलेली बिडाची बुटकी गॅसची शेगडी घेतली, आमच्याकडचं मोठं पातेलं पेलेल अशी. विजेवर चालणारी चिमणी घेतली नाही. आमच्या परसात वारा असा येतो की तिला काहीच करता आलं नसतं. त्याऐवजी चुलीला विटांचं धुराडं आणि त्यावर पत्र्याचं उंच नळकांडं, छपराच्याही वर जाणारं, डोक्यावर टोपी असलेलं. भांडी घासायला सिंक घेणार होते, पण मोठं पातेलं त्यात बसेना; म्हणून जमिनीलगत कठड्याची प्रशस्त मोरी आणि वर रुंद तोंडाचा नळ. मिक्सरसाठी पावसापासून झाकण असलेलं विजेचं बटण. दिवा मात्र मी हट्टानं चुलीच्या थेट वर घेतला. पाठीमागच्या भिंतीवरच्या बल्बामुळे यजमानांची स्वतःचीच सावली पातेल्यात पडायची आणि ते दरवेळी त्याबद्दल कुरकुरायचे.

चुली दोन बांधायच्या ठरवल्या. एक रश्श्याची, दुसरी तिच्या शेजारीच, भाकरीची. ती कशासाठी, असं गवंड्यानं विचारलं. बायका बाहेर बसणार आहेत, असं मी सांगितलं.

एक गोष्ट चुकली, आणि ती पुस्तकातून चुकली. ओट्याची उंची मी नीट अभ्यास करून काढली होती: उभ्या माणसाच्या कोपराच्या जरा खाली. गवंड्यानं त्या मापानं भिंत उचलली, वर चूल आणि शेगडीची जागा केली. कडाप्पा बसायच्या आधी दीर काही कामासाठी साताऱ्यात आले होते, ते बघायला आले. त्यांनी कोठीतून मोठं पातेलं आणलं आणि ओट्यावर ठेवलं. पातेल्याचा काठ माझ्या हनुवटीला आला.

"ढवळायला शिडी बी घ्या, वयनी," ते म्हणाले.

गवंडी तोंड फिरवून हसला. मलाही हसू आलं, पण दीर गेल्यावर. इतकी वर्षं पायरीवर बसून मी त्या घरातले पुरुष बसूनच शिजवतात हे पाहत होते, आणि माप मात्र उभ्या बाईचं घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी भिंत उतरवली. पातेल्याचा भाग गुडघ्याच्याही खाली नेला, त्याच्यासमोर पाट मावेल एवढी फरशी केली, आणि चिरायचं, वाटायचं तेवढं उभ्या उंचीवर ठेवलं. पश्चिमेकडे पत्रे हातभर पुढे काढले आणि त्या बाजूला अर्धी भिंत घातली, कारण साताऱ्याचा पाऊस उभा पडत नाही, डोंगराकडून आडवा येतो.

आखाडातला तो रविवार सकाळपासून भिजलेलाच होता. सगळे आले. नणंदेनं परसात पाऊल टाकलं आणि डोळ्याला पदर लावला. मग मोरी बघून, माझ्याकडे का नाही अशी, असं म्हणाली. बायका भाकरीच्या चुलीपाशी बसल्या. जाऊबाईंनी रश्श्याची चूल पेटवली, पातेलं चढवलं, तेल ओतलं, कांदा टाकला आणि परातीकडे वळल्या. मटणाला हात लावणं हे त्यांच्या घरात पुरुषांचं काम.

आणि पाटावर कुणी बसेना.

दीर हात मागे बांधून उभे होते. बाकीचे त्यांच्याकडे बघत होते. मोठ्याच्या जागेवर धाकट्यानं आपण होऊन बसायचं नाही, ही त्या घराची रीत. आणि बस म्हणून सांगणारा मोठा तर राहिला नव्हता. कांदा गुलाबी झाला, तपकिरी व्हायला लागला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. अजून थोडा वेळ गेला असता तर कांदा करपला असता, कुणीतरी शेगडीवर पिठलं टाकलं असतं, आणि पुढचा रविवार गावी झाला असता.

मी चष्मा पुसला, पाटावर बसले आणि पळी हातात घेतली.

"वयनी," दीर म्हणाले, "उठा. धूर लागंल तुमाला."

"लागत नाही. धुराडं मी निवडलंय."

खरंच लागत नव्हता. धूर सरळ वर जात होता. भाकरीच्या चुलीकडून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि दीर माझ्या शेजारी उकिडवे बसले. वाटण आता, असं म्हणाले, मी टाकलं. आता मटण. परतत राहा, तळाला लागू द्यायचं न्हाई. माझ्या मनगटाला ते पातेलं जड होतं, पण उंची बरोबर होती. पाणी गरम हवं, असं ते सांगायला लागले तेव्हा मी शेगडीकडे बोट दाखवलं. तिथं पाणी उकळत होतं. पायरीवरून तेवढं मी शिकले होते.

"मीठ कसं बघणार तुमी?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही बघायचं. माझ्या जिभेला ते काम नाही."

त्यांनी पळीनं तळहातावर थेंबभर रस्सा घेतला आणि चाखला. चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं. मग म्हणाले, "कमी हाय थोडं." आणि मीठ टाकलं.

त्यानंतर गप्पा सुरू झाल्या. कुणाच्या तरी उसाच्या तोडणीचा किस्सा निघाला, त्यावर कुणी दुसरा चढवला. जाऊबाईंनी भाकरी तव्यावर उलटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाल्या, "आक्का, इतकी वर्सं खिडकीतनं ऐकत हुतो, अर्धंच कळायचं. वाटायचं, लय काय तरी बोलत्यात. आता कळलं, ऐकण्याजोगं काय बी नव्हतं."

त्यावर जो हशा झाला, तो शेजारच्या घरापर्यंत गेला असणार. मी पळी फिरवत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरामुळे होतं असंही मला म्हणता आलं नाही.

पंगत पत्र्याखालीच बसली. पाऊस आडवा आला आणि अर्ध्या भिंतीवर आपटून बाहेरच राहिला. रस्सा चांगला झाला असावा, कारण जेवताना कुणी बोललं नाही. माझं पिठलं नणंदेनं केलं होतं. उरलेला रस्सा छोट्या फ्रीजमध्ये गेला. ती त्याची पहिली कमाई.

निघताना दीर चपला घालून पुन्हा परसात आले. नळ सोडून पाहिला, बंद केला. धुराड्याला हात लावून बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दसरा झाल्यावर शेवटचाच रविवार न्हवं? मसाला मी गावाकडनं आणतो. तुमचा जरा मवाळ पडतोय."

मी म्हटलं, "या. पण सकाळी लवकर या, आणि येताना लाकडंही आणा. इथली ओली असतात."