टॉवेल, टोपी आणि विलायती म्हातारा

पुण्यात एका म्हाताऱ्या विलायती रॉक बँडचा कार्यक्रम होता. त्यांच्या कॅसेट मी ऐकून ऐकून झिजवलेल्या. यवतच्या स्टँडवर माझ्यामागून वडीलही एसटीत चढले, पिशवीत टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन.

"आप्पा, हे कशाला?"

"पाव्हणा कलावंत हाय. सत्कार नको व्हय?"

मी वाटभर चिडलेलो. गेटवर नारळ काढून घेतला, तेव्हा बरंच वाटलं.

आम्ही स्टेजच्या कठड्याला खेटून उभे राहिलो. पहिलंच गाणं संपता संपेना. ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत घाम उतरत होता, पण हात मोकळा कुठला? गाणं संपलं तसा आप्पांनी टॉवेल वर भिरकावला. म्हाताऱ्यानं तोंड पुसलं आणि टॉवेल गळ्यात ठेवूनच पुढचं गाणं धरलं.

"झाला सत्कार," आप्पा म्हणाले. "टोपी पुढच्या वर्साला."