विहिरीतला तांबडा थर

रस्त्याच्या कामावर सुरुंग उडाला आणि त्या उग्र वासानं मी मनानं लहानपणच्या पिंपळगाव राजातल्या आमच्या अर्धवट विहिरीच्या काठावर जाऊन पोचले. बाबा खाली खोदत होते. काळ्या पाषाणाखाली तांबड्या मातीचा थर लागला होता आणि त्यातून पाणी झिरपत होतं.

“आणखी खोदा, बाबा! पाणी लागलं!” मी वरून ओरडले.

सुरुंगवाले रफीकचाचा मात्र घाबरले. “भाऊ, वर या! तांबडं सुटून राह्यलं!”

“एवढं टोपलं भरू द्या.”

“टोपल्याले सोडा! दोर धरा!”

आम्ही जिवाच्या आकांतानं दोर ओढला. बाबा काठावर आले आणि मागे तो काळा कडा कोसळला.

लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या त्या भाजलेल्या मातीबद्दल मी आता कॉलेजात शिकवते. भिजली की ती वरचा खडक पेलत नाही, हे मुलांना सांगते. बाबांपाशी मात्र माझ्या त्या ओरडण्याचा विषय अजून काढलेला नाही.