फाटकाचे दोन फोटो

कोबेच्या घरी माझ्या टेबलावर तपकिरी पाकिटं कसली पसरलेली असायची, असं तुम्ही दोघांनी एकदा फोनवर विचारलं होतं. "काम आहे," एवढंच मी म्हणाले होते. खरं तर मलाच ते नीट उमगलेलं नव्हतं. आज लिहून बघते.

जपानच्या उत्तरेत तो मोठा भूकंप झाला त्या वर्षी तुमचे आजोबा कंपनीच्या कोबेच्या ऑफिसात होते. आमच्याकडे फारसं हललं नाही. पण कोबेचा जुना भूकंप ज्यांनी सोसला होता, ते सगळे फडताळांच्या वरच्या फळ्या रिकाम्या करायला लागले. समोरच्या जुन्या घरात एक बाई एकट्या राहायच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. एक दिवस त्या लाकडी पेटी छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या.

"ओकुसान," त्या म्हणाल्या. तिकडे लग्न झालेल्या बाईला अशीच हाक मारतात. "तुम्हाला इंग्रजी येतं ना? मग हे वाचून द्या."

पेटीत तीन पदकं आणि एक अल्बम होता. अल्बम लांब पट्टीच्या घड्या घालून केलेला, दोन्ही अंगांना सारखाच काळा पुठ्ठा, कुठूनही उघडावा असा. फोटोंच्या पाठीवर तिरपं, बारीक अक्षर. ते इंग्रजी नव्हतं, जर्मन होतं. पण सगळं शिक्षण इंग्रजीत झालेली बाई सहजासहजी "येत नाही" म्हणत नाही. जर्मन डिक्शनरी आणली, जुन्या वळणाची ती अक्षरं दिसली तशी उतरवून घेतली. त्यातला एकही शब्द डिक्शनरीत निघाला नाही. गावांची नावं तेवढी लागली: कोलंबो, एडन, शांघाय, मुंबई.

बाकीचं बाईंनीच सांगितलं. त्यांच्या आजीच्या लहानपणी घरातली वरची खोली एका जर्मन डॉक्टरला भाड्यानं दिलेली होती. तो आरमारी जहाजावरचा डॉक्टर. तो कोबे सोडून गेला, एवढं सगळे मान्य करत. आजी म्हणायची, तो दोन वर्षांनी परत आला, फाटकात उभा राहिला आणि ही पेटी त्यानं दोन्ही हातांनी तिच्या हाती दिली. बाईंची आई म्हणायची, म्हातारीच्या मनाचे खेळ. तो परत आलाच नाही, पेटी विसरून गेला.

"आता घर पाडणार," बाई म्हणाल्या. "मी पुढच्या महिन्यात ओसाकाला मुलीकडे जाते. विसरलेली वस्तू असेल तर त्याच्या माणसांकडे पाठवायला हवी. दिलेली असेल तर माझ्याबरोबर येईल. आणि आजी खोटं बोलत नव्हती, हे एकदा कळेल."

मी पंचवीस वर्षं बँकेच्या रेकॉर्ड विभागात काढली. हाती कागद आला की आधी लावायचा, मग वाचायचा. एका गावाचं एका पाकिटात, दुबार प्रत आली तर पहिलीला टाचणी लावून मागे. मी सगळे फोटो कोपऱ्यांच्या खाचांतून अलगद काढले आणि गावांप्रमाणे लावले. समोरच्याच घराच्या फाटकात उभ्या असलेल्या डॉक्टरचे दोन फोटो निघाले. तोच गणवेश, तीच दाढी. दुबार, म्हणून दोन्ही 'कोबे'च्या पाकिटात घातले.

आजोबा चष्मा कपाळावर ठेवून बघत होते. तिकडे जळणारा आणि न जळणारा कचरा वेगवेगळ्या वारी टाकायचा असतो. "पदकं टाकायची झाली तर कोणत्या वारी गं? फीत जळणाऱ्या कचऱ्यात, धातू न जळणाऱ्यात. रिबीन उसवायला बसशील तू."

"तुम्ही हात लावू नका," मी म्हटलं.

आठवड्यानं बाई आल्या. पाकिटांवरचं माझं अक्षर त्यांनी कौतुकानं पाहिलं. मग अल्बम उचलला. तो रिकामा होता.

"यात पहिला फोटो कोणता होता?"

मी पाकिटं चाळायला लागले.

"आणि शेवटचा? आईनं मला हा कधी उघडू दिला नाही. म्हणून विचारते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. एका टोकाला फाटक, मध्ये प्रवास आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा फाटक, असे फोटो असते तर तो गेला आणि आला. दोन्ही फाटकं एकाच टोकाला असती तर प्रवास एकदाच झाला, इथे येण्याचा. हे अल्बममध्ये लिहिल्यासारखं होतं आणि मी ते नीटनेटकेपणानं पुसून टाकलं होतं. मी तसं त्यांना सांगितलं. त्यांनी अल्बम मिटून ठेवला. चहा मात्र पूर्ण प्यायल्या.

नंतर दोन दिवस मी ते दोन फोटो आजोबांच्या टपालतिकिटं बघायच्या भिंगाखाली धरून बसले. दुबार नव्हतेच ते. एकात छातीवर दोन पदकं होती, दुसऱ्यात तीन. तिसरं, काठाला टवका उडालेलं, पेटीतलंच.

"म्हणजे तो मिळवून परत आला," मी म्हटलं.

"किंवा इथेच असताना टपालानं आलं. किंवा त्या दिवशी लावायला विसरला. तू नाही का मंगळसूत्र बेसिनवर विसरत?"

त्यांचं म्हणणं मला खोडता येईना. प्रवासाच्या फोटोंत डॉक्टर साध्या कपड्यांत होता, तिथून काहीच कळेना. शेवटी मी पेटी, ते दोन फोटो आणि भिंग घेऊन समोर गेले आणि पदकं दाखवली. आजोबांची शंकाही सांगितली. लपवली असती तर बरं झालं असतं, असं सांगतानाच वाटत होतं.

बाईंनी भिंग पहिल्या फोटोवर धरलं. "दोन," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या फोटोवर, "तीन." पुन्हा पहिला. "आई म्हणायची, आजीकडे दाखवायला काहीच नाही."

"पण नक्की असं मला म्हणता येत नाही."

"नका म्हणू, ओकुसान. पेटी माझ्याबरोबर येते. फक्त अल्बम परत लावून द्या. दोन पदकांचं फाटक या टोकाला, तिनांचं त्या टोकाला."

"आणि मधले?"

"मधले तुम्हाला जमतील तसे."

मी दोन दिवस घेतले. मुंबईच्या फोटोत घोडागाडीजवळ डॉक्टर उभा आहे, हातात टोपी. तो जाताना उतरला होता की येताना, मला आजही माहीत नाही. मी तो जाण्याकडे लावला, मग काढून येण्याकडे लावला, आणि तसाच दिला.