दहाव्याला वाचलेली कविता

ताई गेली तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये चहा पीत होती. कप हातातून निसटला आणि ती टेबलावर वाकली, एवढंच तिच्या सहकारी बाईंनी मला फोनवर सांगितलं. मी नगरला, कॉलेजच्या ग्रंथालयात होते. फोन ठेवून मी समोर आलेली दोन पुस्तकं जमा करून घेतली आणि मग जामखेडची एसटी पकडली. ती पुस्तकं तेव्हा का जमा केली, ते मला अजून कळलेलं नाही.

आई रडली नाही. ताईच्या घरी भिंतीला टेकून बसून राहिली. चहा दिला की प्यायची, बोलायची मात्र नाही. बायका तिला मिठी मारून मुद्दाम ताईच्या आठवणी काढत. मावशी मला म्हणाली, "तिला रडवा गं, न्हाईतर लई जड जाईल."

ताई कविता मोठ्यानं वाचायची. भाजी निवडताना, एसटीतसुद्धा. मला चिडवायची, "मनात काय वाचतेस, ती काय नोटीस आहे?" मी हसायचे आणि मनातच वाचायचे.

दहाव्याला दाजी माझ्याजवळ आले. "तिच्या आवडीची एखादी कविता वाचता का? या भाषणांत ती कुठंच नाही."

खरंच नव्हती. नदीकाठच्या मंडपात एकामागून एक पुढारी माईकवर येत होते. एकानं तिला आदर्श माता म्हटलं. ताईला मूलबाळ नव्हतं. 

मी उठले. विहिरीवर एकटीच पाणी शेंदणाऱ्या बाईची, ताईच्या आवडीची छोटीशी कविता. ती मी एका कागदावर उतरवून घेतली होती. मी एका दमात वाचून टाकली आणि माईक परत द्यायला वळले, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"एवढी घाई कशाला करती?"

आई होती. ताई गेल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य.

"ती अशी म्हनत न्हवती. मला रोज फोनवर म्हनायची. मधी थांबायची. परत म्हन."

रोज, फोनवर. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या आणि आईच्या फोनवर गोळ्या आणि गुडघे यापलीकडे बोलणं जात नसे. 

माईक सांभाळणारे गृहस्थ पुढे झाले. "आजी, पिंडदानाची वेळ झालीय."

"थांबा वो जरा. तुमची भाषनं चालली तवा न्हाई झाली का येळ?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

मी पुन्हा सुरुवात केली. घागर काठाशी येते त्या ओळीपाशी आईनं हात वर केला. मी थांबले. माईकमधून माझाच श्वास मंडपभर ऐकू येत होता. ताई मेली आहे, हे मला तेव्हा कळलं. पुढची ओळ डोळ्यांसमोर होती आणि तोंडातून निघेना.

आई उठली. बायकांमधून वाट काढत आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"म्हन बाई. संपल्याबिगर खाली बसायचं न्हाई."

मी उरलेल्या ओळी वाचल्या. सावकाश वाचल्या. माझ्या शेजारी उभी राहून, सगळ्या मंडपासमोर, आई मोठ्यानं रडत होती.