एक्क्याण्णव टक्के शाकाहारी गाव

सेवकराम ग्रामसेवकांना काळजी करायला कारण लागत नसे. सायकलच्या चाकात हवा भरलेली असली तरी ती टिकेल का, म्हणून ते वाटेत दोनदा उतरून चाक दाबून बघत. पण १९७९च्या श्रावणात साकोलीच्या बसमध्ये बसताना त्यांच्या पिशवीत काळजीचं खरंखुरं कारण होतं.

एकोडीजवळच्या त्यांच्या गावात तलावात सोडायला सरकारकडून माशांचं बी मिळणार होतं. गावाला मासे हवेत की नकोत, याचं सर्वेक्षण करून तक्ता आणा, असा हुकूम होता. सेवकराम घरोघर फिरले आणि तक्ता तयार झाला : मासे खाणारी घरे नऊ टक्के, न खाणारी एक्क्याण्णव. दुसऱ्यांत त्यांचं स्वतःचंही घर होतं. कितीतरी दिवसांत चुलीवर मासा चढला नव्हता, हे खरंच होतं. पण बी नामंजूर झालं, तर तलावावर जगणाऱ्या ढिवरांनी वर्षभर काय पकडायचं?

शेजारी ढिवरांच्या रेवताबाई बसल्या होत्या. निकाल कानांनी ऐकल्याशिवाय त्या परतणार नव्हत्या.

“बी भेटंल ना जी, भाऊ?”

“भेटंल, भेटंल.”

“मंग तोंड काहून असं? डोंगा बुडाल्यावानी!”

कचेरीत साहेबांनी तक्ता वाचला. “एक्क्याण्णव टक्के खातच नाहीत. मग बी कशाला?” त्यांनी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात नजर खालच्या ओळीवर गेली : घरात जाळे असलेली घरे, चौसष्ट टक्के. पेन थांबलं.

“सेवकराम, शंभर घरं धरा. खाणारी नऊ. त्या नऊही घरी जाळं आहे असं धरलं, तरी पंचावन्न घरं उरतात. म्हणजे निम्म्याहून जास्त गाव जाळी बाळगतं आणि मासे खात नाही. जाळ्यांवर पापड वाळवता की काय?”

“विकत असतील, साहेब.”

“पंचावन्न टक्के गाव बाजारात मासे विकायला बसतं?”

सेवकरामांच्या डोळ्यांसमोर निलंबनाचा कागद फडफडला. आकडे तर त्यांनी जसे ऐकले तसेच लिहिले होते! साहेब दारातल्या रेवताबाईंकडे वळले.

“बाई, तुम्ही मासे खाता?”

“नाही जी.”

सेवकरामांनी डोळे मिटले. ढिवरीण मासे खात नाही म्हटल्यावर उरलं काय?

“कधीच नाही?”

“कधीच काहून? श्रावण हाय ना! भाऊंनी दारात येऊन इचारलं, खाता का. देवाच्या महिन्यात खोटं कसं बोलू? पोळा होऊ द्या, मंग इचारा.”

साहेब खुर्ची मागे ढकलून हसले. त्यांच्या घरीही महिनाभर भेंडीच चालू होती. तक्त्यावर त्यांनी शेरा मारला : बी मंजूर, पोळ्यानंतर फेरसर्वेक्षण.

पायऱ्या उतरताना रेवताबाईंचं तोंड उजळलं होतं. सेवकराम मात्र बोटांवर मोजत होते. “पोळ्यानंतर गणपती, मंग पितृपक्ष, मंग नवरात्र. इचारू तरी कवा?”

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले या. घरोघर शिजून राहील. पन जेवताना नोका येऊ, दार कोनी उघडनार नाही.”

सेवकराम दोन पावलं चालले आणि थांबले.

“अन् त्या दिवशी शंभर टक्के निघाले तं? साहेब मानंल का, बाई?”